प्रतीक्षायादी ते पोर्टल : भारतातील नव्या व जुन्या मोटारींच्या विक्रीव्यवहाराचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

भारतातील मोटार उद्योगाचा इतिहास आजवर प्रामुख्याने उत्पादनाचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. वालचंद हिराचंद यांचा कुर्ल्याचा कारखाना, उत्तरपाड्याची ॲम्बॅसेडर, गुडगावची मारुती आणि पुण्याची इंडिका हे या इतिहासाचे ठळक टप्पे मानले जातात. परंतु सामान्य कुटुंबाचा या उद्योगाशी संबंध कारखान्याच्या फाटकाशी आला नाही. तो आला विक्रेत्याच्या दालनात, दलालाच्या टेबलाशी आणि प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या खिडकीशी. घराच्या खालोखाल मोठी अशी ही खरेदी कशी होत असे, तिची किंमत कोण ठरवीत असे आणि ती फसल्यास नुकसान कोणाच्या पदरी पडत असे, याचा स्वतंत्र विचार त्या मानाने कमी झाला आहे.

या विषयाकडे पाहण्याची एक रूढ दृष्टी आहे. १९९१ पूर्वीचा काळ टंचाईचा आणि ग्राहकाच्या अगतिकतेचा, तर त्यानंतरचा काळ विपुलतेचा आणि ग्राहकाच्या स्वातंत्र्याचा, अशी ती सोपी विभागणी होय. ही विभागणी अंशतः खरी असली तरी अपुरी आहे. गाड्या मुबलक झाल्या म्हणून व्यवहारातील विषमता संपली असे दिसत नाही, तिची जागा मात्र बदलली, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१. भारतातील नव्या व जुन्या मोटारींच्या विक्रीपद्धतीत झालेल्या बदलांचे टप्पे निश्चित करणे.
२. प्रत्येक टप्प्यात किंमत ठरविण्याचा अधिकार, गाडीविषयीची माहिती आणि व्यवहारातील जोखीम या तीन गोष्टी कोणाकडे होत्या हे तपासणे.
३. जुन्या गाडीच्या व्यवहारातील मालकी-हस्तांतरणाच्या प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट करणे.

लेखासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून कायदे, नियंत्रण आदेश, न्यायालयीन निकाल आणि उद्योगाविषयीची प्रकाशित माहिती यांचा आधार घेतला आहे. महाराष्ट्राचा संदर्भ जेथे विषयाशी थेट निगडित आहे तेथेच घेतला आहे.

आयात व जुळणीचा काळ (१९२८ ते १९५४)

दुसऱ्या महायुद्धापूर्वी भारतात विकली जाणारी मोटार ही परदेशी वस्तू होती. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे जुळणीचा कारखाना सुरू केला. फोर्डनेही त्याच दशकात भारतात पाय रोवले होते. सुटे भाग जहाजातून येत, गाडी येथे जोडली जाई आणि शहरोशहरीच्या एजंटांमार्फत विकली जाई. गिऱ्हाईक मर्यादित होते : संस्थानिक, वरिष्ठ अधिकारी, गिरणीमालक, बॅरिस्टर आणि मोठा व्यवसाय असलेले डॉक्टर. या वर्गाला गाडीची माहिती बहुधा ड्रायव्हर किंवा मेकॅनिक देत असे. मालकाला गाडी चालविता येणे ही त्या काळी आवश्यक बाब नव्हती.

या चित्राला पहिला छेद देशी उद्योजकांनी दिला. बिर्ला समूहाने १९४२ मध्ये हिंदुस्थान मोटर्सची आणि वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. वालचंद यांनी युद्धकाळातच मोटार कारखान्यासाठी प्रयत्न केले होते, परंतु ब्रिटिश सरकारचा अपेक्षित पाठिंबा त्यांना मिळाला नाही. स्वातंत्र्यानंतर १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनुसार धोरण ठरले : ज्या कंपन्यांकडे देशात क्रमाक्रमाने संपूर्ण उत्पादन करण्याची योजना असेल त्यांनाच येथे काम करता येईल. केवळ जुळणी करणाऱ्या जनरल मोटर्स व फोर्ड यांनी यानंतर काढता पाय घेतला. औद्योगिक स्वावलंबनाच्या दृष्टीने हा निर्णय समजण्यासारखा होता. विक्रीच्या दृष्टीने मात्र त्याचा परिणाम असा झाला, की विक्रेत्यांच्या दालनातील गाड्यांची विविधता संपली आणि पुढील तीस वर्षांच्या टंचाईचा पाया घातला गेला.

नियंत्रण आणि प्रतीक्षा (१९५५ ते १९८२)

या काळात ग्राहकासमोर प्रत्यक्षात तीनच पर्याय होते. हिंदुस्थान मोटर्सची ॲम्बॅसेडर, प्रीमियरची फियाट आणि मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सची हेराल्ड. फियाट ११०० ही गाडी १९५४ पासून निरनिराळ्या नावांनी बनत राहिली आणि सत्तरच्या दशकात तिला ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले. नाव बदलले तरी सर्वसामान्य मराठी माणसाच्या तोंडी ती शेवटपर्यंत ‘फियाट’च राहिली.

उत्पादन परवान्याने बांधलेले होते आणि विक्रीही मोकळी नव्हती. मोटारींच्या वितरण व विक्रीवर नियंत्रण ठेवणारा आदेश १९५९ मध्ये जारी झाला. नोंदणी केलेल्या क्रमाने गाडी देणे, शासकीय गरजांसाठी राखीव कोटा ठेवणे आणि नवी गाडी घेणाऱ्याने ती ठरावीक मुदतीत विकू नये, अशा तरतुदी या नियंत्रणव्यवस्थेत होत्या. या शेवटच्या अटीवरूनच परिस्थितीची कल्पना येते. नवी गाडी घेऊन लगेच विकण्यात नफा होता, म्हणूनच अशी बंदी घालावी लागली.

१९६९ मध्ये शासनाने मोटारींच्या किमती कायद्याने निश्चित केल्या. उत्पादक सर्वोच्च न्यायालयात गेले. मोटारींच्या किमतींची चौकशी करणारा आयोग नेमण्यात आला आणि १९७१ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला. एखाद्या चैनीच्या समजल्या जाणाऱ्या वस्तूची रास्त किंमत कोणती, हा प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायपीठापुढे यावा, ही घटना त्या काळाच्या अर्थव्यवस्थेवर पुरेसा प्रकाश टाकते.

नियंत्रित किंमत आणि गिऱ्हाईक प्रत्यक्षात देण्यास तयार असलेली किंमत यांत अंतर होते. हे अंतर नाहीसे झाले नाही, ते ‘ऑन’च्या रूपाने बाजारात वाहू लागले. गाडीचे बुकिंग ही स्वतंत्र मालमत्ता बनली. क्रमांक जवळ आलेल्या नोंदणीला किंमत येई. चालू स्थितीतील एक-दोन वर्षे वापरलेली गाडी नव्या गाडीच्या अधिकृत किमतीपेक्षा अधिक किमतीस विकली जाणे यात कोणालाही नवल वाटत नसे. वस्तू वापरल्याने तिचे मूल्य घटते हा अर्थशास्त्रातील प्राथमिक नियम या एका बाजारात उलटा फिरला होता.

अशा स्थितीत अधिकृत विक्रेत्याचे काम विकण्याचे उरले नाही, ते वाटपाचे झाले. गिऱ्हाईकाला पटविण्याची, गाडी दाखविण्याची किंवा चालवून पाहू देण्याची गरज नव्हती. रंग कोणता मिळेल हेही बहुधा गाडी आल्यावरच कळे. ज्याच्याकडे पैसा होता तो ‘ऑन’ देऊन वेळ विकत घेई आणि ज्याच्याकडे तो नव्हता तो वर्षानुवर्षे थांबून किंमत चुकवीत असे. नियंत्रणाचा हेतू समन्यायी वाटपाचा होता, परिणाम मात्र प्रतिष्ठित व ओळखीपाळखीच्या वर्गाला लाभ होण्यात झाला.

जुन्या गाडीचा बाजार या काळात पूर्णपणे वैयक्तिक विश्वासावर चालत असे. वृत्तपत्रांतील छोट्या जाहिराती, गॅरेजवाला आणि दलाल हे त्याचे तीन आधार होते. मुंबईच्या जाहिरातींत गाडी ‘पारशी मालकाची’ असल्याचा उल्लेख हा हमीपत्रासारखा मानला जाई, कारण पारशी कुटुंबे गाडी जपून वापरतात अशी ख्याती होती. डॉक्टरने वापरलेली, एकाच हातातील गाडी हेही असेच विशेषण होते. गाडीची खरी स्थिती तपासण्याचे साधन नसल्याने मालकाच्या लौकिकावरून गाडीचा अंदाज बांधला जात होता. माहितीची उणीव समाज कोणत्या मार्गाने भरून काढतो याचे हे बोलके उदाहरण आहे.

मारुतीचे आगमन (१९८३ ते १९९२)

मारुती उद्योग लिमिटेडची स्थापना १९८१ मध्ये झाली आणि १९८२ मध्ये जपानच्या सुझुकी कंपनीशी करार झाला. १९८३ मध्ये दहा हजार रुपये अनामत घेऊन नोंदणी सुरू झाली तेव्हा अल्पावधीत एक लाखाहून अधिक ग्राहकांनी पैसे भरले. त्या काळी देशातील मोटारींचे एकूण वार्षिक उत्पादन काही दहा हजारांच्या घरात होते, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे महत्त्व कळते. १४ डिसेंबर १९८३ रोजी तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते पहिल्या गाडीची किल्ली देण्यात आली.

मारुतीने प्रतीक्षा संपविली नाही, आरंभी तर ती वाढविली. परंतु विक्रीव्यवहारात तिने दोन गोष्टी नव्याने आणल्या. एक म्हणजे विक्री, दुरुस्ती आणि सुटे भाग यांची एकत्र जबाबदारी घेणारे विक्रेत्यांचे शिस्तबद्ध जाळे. दुसरी म्हणजे स्वतः गाडी चालविणारा ग्राहक. ड्रायव्हर ठेवण्याची ऐपत नसलेला नोकरदार, प्राध्यापक, बँक अधिकारी आणि कुटुंबातील स्त्रिया या गाडीच्या खरेदीच्या निर्णयात प्रथमच मोठ्या संख्येने सहभागी झाल्या. गाडीची निगा सोपी झाल्याने गॅरेजवाल्याचा सल्ला पूर्वीइतका निर्णायक राहिला नाही. तरीही मारुतीचा नोंदणी क्रमांक हाही फियाटप्रमाणेच ‘ऑन’ने विकला गेला. टंचाई कायम असेपर्यंत केवळ व्यवस्थापनाच्या सुधारणेने काळा बाजार थांबत नाही, असा याचा अर्थ होतो.

स्पर्धा, कर्ज आणि बदली योजना (१९९३ ते २००८)

१९९१ च्या औद्योगिक धोरणाने बहुसंख्य उद्योग परवानामुक्त केले, पण प्रवासी मोटारी या यादीत राहिल्या होत्या. १९९३ मध्ये त्यांचाही परवाना रद्द झाला. त्यानंतर महाराष्ट्रात पुण्याला मर्सिडीज-बेंझ, नाशिकला महिंद्राच्या सहकार्याने फोर्ड आणि कल्याण परिसरात प्रीमियरच्या सहकार्याने पेजो, असे प्रकल्प आले. १९९८ हे वर्ष निर्णायक ठरले. ह्युंदाईची सँट्रो आणि टाटांची इंडिका या दोन्ही गाड्या त्या वर्षी बाजारात आल्या आणि छोट्या गाडीच्या क्षेत्रातील मारुतीच्या एकाधिकाराला आव्हान मिळाले.

प्रतीक्षायादी ओसरल्यावर विक्रेत्याला प्रथमच खऱ्या अर्थाने विकावे लागले. दालने वातानुकूलित झाली, गाडी चालवून पाहण्याची सोय झाली आणि सवलतींचे फलक लागले. महाराष्ट्रात गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा व बलिप्रतिपदा या साडेतीन मुहूर्तांभोवती विक्रीचे वेळापत्रक बांधले गेले. पैसे आधी भरून गाडी मुहूर्तावर घरी आणावयाची, हा प्रघात पडला, तर पितृपंधरवडा विक्रेत्यांसाठी मंदीचा काळ ठरला.

परंतु या काळातील सर्वांत दूरगामी बदल कर्जाचा होता. व्यापारी वाहनांसाठी भाडे-खरेदीची पद्धत जुनीच होती. नव्वदच्या दशकात बिगर-बँक वित्तीय कंपन्या व परदेशी बँका आणि पुढे देशी खाजगी व सार्वजनिक बँका खाजगी मोटारींच्या कर्जात उतरल्या. त्यामुळे ग्राहकाने विचारावयाचा प्रश्नच बदलला. ‘गाडीची किंमत किती’ याऐवजी ‘हप्ता किती’ असे तो विचारू लागला. विक्रेत्याच्या उत्पन्नातही बदल झाला. गाडीच्या विक्रीवरील नफ्याचे प्रमाण स्पर्धेमुळे घटले आणि कर्ज, विमा, साहित्य व दुरुस्ती यांतून मिळणारे उत्पन्न महत्त्वाचे झाले. परिणामी जाहिरातीतील किंमत आणि गाडी रस्त्यावर येईपर्यंतचा खर्च यांतील अंतर वाढत गेले आणि त्या अंतरातील प्रत्येक रकमेचा तपशील ग्राहकाला ठाऊक असेलच असे राहिले नाही.

शासकीय धोरणाचाही विक्रीवर थेट परिणाम झाला. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि ठरावीक क्षमतेच्या इंजिनाच्या गाड्यांवरील उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणण्यात आले. त्यानंतर गाड्यांची रचनाच या चार मीटरच्या मापात बसविली जाऊ लागली. २००९ मध्ये टाटा नॅनोसाठी दोन लाखांहून अधिक नोंदण्या झाल्या आणि पहिल्या एक लाख ग्राहकांची निवड सोडतीने करण्यात आली. लोकांना वाटले की प्रतीक्षायादीचे दिवस परत आले. परंतु ते तसे नव्हते. पर्याय उपलब्ध असलेल्या बाजारात ग्राहक थांबून राहत नाही, हे नॅनोच्या पुढील वाटचालीने दाखविले. तिचे उत्पादन २०१८ मध्ये थांबले.

जुन्या गाडीचा संघटित बाजार

नव्या गाड्या मुबलक झाल्या तसा जुन्या गाडीच्या मूल्याचा नियम पुन्हा सुलटा झाला. गाडी दालनाबाहेर पडताच तिची किंमत घटू लागली. आता जुन्या गाडीच्या बाजारातील मुख्य अडचण टंचाईची नव्हती, ती माहितीची होती.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात नेमके जुन्या मोटारींचेच उदाहरण घेतले होते. विक्रेत्याला गाडीचे दोष ठाऊक असतात, ग्राहकाला नसतात. त्यामुळे ग्राहक सर्वच गाड्यांना सरासरी किंमत देऊ करतो, चांगल्या गाडीचा मालक त्या किमतीस विकत नाही आणि बाजारात हळूहळू सदोष गाड्याच उरतात, असा त्यांचा युक्तिवाद होता. माहितीच्या विषमतेवरील या कार्यासाठी त्यांना २००१ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. योगायोगाने त्याच वर्षी मारुतीने ‘ट्रू व्हॅल्यू’ या नावाने जुन्या गाड्यांची विक्री सुरू केली. तपासणी, दुरुस्ती आणि मर्यादित हमी हे तिचे स्वरूप होते. अन्य उत्पादकांनीही अशाच योजना आणल्या आणि २००८ मध्ये महिंद्रा समूहाने विविध कंपन्यांच्या जुन्या गाड्या विकणारी ‘फर्स्ट चॉइस व्हील्स’ ही संस्था सुरू केली. पूर्वी ‘पारशी मालक’ जी हमी देत होता ती आता कंपनीचे नाव देऊ लागले.

यामागे उत्पादकांचा हेतू केवळ जुन्या गाड्या विकण्याचा नव्हता. जुनी गाडी घेऊन नवी देण्याची बदली योजना ही नव्या विक्रीची गुरुकिल्ली होती. घरात आधीच गाडी असलेला ग्राहक ती विकल्याशिवाय दुसरी घेत नाही, हे उघड होते. या व्यवस्थेत ग्राहकाची दगदग वाचली, पण जुन्या गाडीचे मोल आणि नव्या गाडीवरील सवलत एकाच बोलणीत मिसळल्याने प्रत्यक्षात कशाचे किती मिळाले हे पाहणे अवघड झाले.

याच सुमारास संगणकीय पोर्टले आली. कारवाले २००५ मध्ये, कारदेखो २००८ मध्ये आणि त्यापाठोपाठ कारट्रेड अशा सेवांनी वृत्तपत्रांतील छोट्या जाहिरातींची जागा घेतली. २०१५ मध्ये स्थापन झालेल्या कार्स२४ व स्पिनी या कंपन्यांनी पुढचे पाऊल टाकले. त्या केवळ जाहिराती दाखवीत नाहीत, गाडी स्वतः तपासतात, विकत घेतात किंवा लिलावात विक्रेत्यांपुढे ठेवतात. शासनाच्या ‘वाहन’ या नोंदणीप्रणालीमुळे क्रमांकावरून गाडीच्या नोंदणीचा दिनांक, विम्याची मुदत अशी माहिती घरबसल्या पाहता येऊ लागली. अंतरमापक मागे फिरविण्याचा जुना प्रकार मात्र नामशेष झालेला नाही. अपघाताचा व दुरुस्तीचा पूर्ण इतिहास एका ठिकाणी सर्वांना खुला असेल अशी व्यवस्था नसल्याने माहितीची विषमता कमी झाली आहे, संपलेली नाही. तसेच हजारो व्यवहारांच्या नोंदींवरून भाव काढणारे पोर्टल आणि आयुष्यात दोन-तीनदा गाडी विकणारा मालक यांच्यात एक नवी विषमता निर्माण झाली आहे. पूर्वी मालकाला गाडीची माहिती जास्त होती, आता खरेदीदार संस्थेला बाजाराची माहिती जास्त असते.

मालकी-हस्तांतरण आणि दायित्वाचा प्रश्न

जुन्या गाडीच्या व्यवहारातील सर्वांत गंभीर प्रश्न किमतीचा नसून कागदपत्रांचा आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५० नुसार गाडी विकणाऱ्याने राज्यांतर्गत व्यवहारात चौदा दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्यास कळविणे आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आपले नाव लावण्यासाठी अर्ज करणे अपेक्षित आहे. यासाठी नमुना २९ व ३० विहित आहेत. प्रत्यक्षात विक्रेता या नमुन्यांवर कोऱ्या सह्या करून ते दलालाकडे देतो, पैसे घेतो आणि निश्चिंत होतो. दलाल नवीन गिऱ्हाईक मिळेपर्यंत गाडी कोणाच्याच नावावर करीत नाही. कारण प्रत्येक हस्तांतरणाचा खर्च वाढतो आणि मालकांची संख्या वाढली की गाडीचा भाव उतरतो.

या पद्धतीचे परिणाम किती गंभीर होऊ शकतात हे सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०१८ मधील एका निकालावरून दिसते. गाडी नोंदणीकृत मालकाने २००७ मध्ये विकली होती, त्यानंतर ती अनेक हातांतून गेली होती आणि २००९ मध्ये तिच्यामुळे अपघात झाला. ज्याच्या नावावर नोंदणी आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक होय आणि नुकसानभरपाईचे दायित्व त्याच्यावर आहे, असे न्यायालयाने ठरविले. अपघातग्रस्ताला एकामागून एक खरेदीदाराचा शोध घेत फिरावे लागू नये, ही यामागील भूमिका न्याय्यच आहे. परंतु ज्याने दोन वर्षांपूर्वी गाडी विकून पैसेही खर्च केले अशा माणसावर भरपाईचा बोजा यावा, हे या निकालाचे दुसरे अंग आहे. ई-चलन पद्धत आल्यापासून याचाच लहान प्रत्यय अनेकांना येतो : विकून टाकलेल्या गाडीचा दंड जुन्या मालकाच्या भ्रमणध्वनीवर येतो.

या त्रुटीवर उपाय म्हणून केंद्र शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. तिच्यानुसार जुन्या वाहनांच्या विक्रेत्यास प्राधिकारपत्र घ्यावे लागते आणि मालकाने गाडी त्याच्याकडे सोपविल्याची सूचना नोंदविल्यावर मधल्या काळात विक्रेताच मानीव मालक ठरतो. तरतूद योग्य दिशेची आहे. तथापि तिचा लाभ नोंदणीकृत विक्रेत्याशी व्यवहार करणाऱ्यालाच मिळतो. गावोगावचा गॅरेजवाला, ओळखीचा मध्यस्थ किंवा आठवडी बाजारातील दलाल यांच्यामार्फत होणाऱ्या व्यवहारांना तिचे संरक्षण आपोआप लाभत नाही. जेथे संरक्षणाची गरज अधिक तेथे ते कमी पोहोचते, ही भारतीय कायद्यांच्या बाबतीत वारंवार दिसणारी गोष्ट येथेही आढळते.

कंपनी आणि विक्रेता यांच्यातील संबंध

विक्रीव्यवहाराचा विचार करताना ग्राहक हाच एकमेव दुर्बल घटक मानणे चुकीचे ठरेल. अधिकृत विक्रेता जागा, इमारत, साठा आणि कर्मचारी यांत मोठी गुंतवणूक करतो, परंतु त्याचा कंपनीशी असलेला करार बहुधा एकतर्फी असतो. जनरल मोटर्सने २०१७ अखेर भारतातील विक्री थांबविली आणि फोर्डने २०२१ मध्ये येथील उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले, तेव्हा या दोन्ही कंपन्यांच्या विक्रेत्यांची गुंतवणूक अडचणीत आली. १९५४ मध्ये हीच दोन नावे या देशातून बाहेर पडली होती, हा इतिहासातील लक्षणीय पुनरुक्तीचा प्रसंग होय. विक्रेत्यांच्या राष्ट्रीय महासंघाने यानंतर विक्रेत्यांना संरक्षण देणाऱ्या स्वतंत्र कायद्याची मागणी लावून धरली.

किंमत ठरविण्याच्या अधिकाराबाबत भारतीय स्पर्धा आयोगाचा ऑगस्ट २०२१ चा आदेश महत्त्वाचा आहे. या प्रकरणाची सुरुवात महाराष्ट्र व गोव्याशी संबंधित विक्रीविभागातील एका निनावी तक्रारीने झाली. विक्रेत्यांनी ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा अधिक सवलत देऊ नये असे धोरण राबविल्याबद्दल आयोगाने मारुती सुझुकी कंपनीस २०० कोटी रुपये दंड ठोठावला. विक्रेते जास्त सवलत देतात का हे पाहण्यासाठी ग्राहकाच्या वेशात तपासनीस पाठविले जात, असे आयोगाने नोंदविले. कंपनीने या आदेशाविरुद्ध अपील केले. प्रकरणाचा अंतिम निवाडा काहीही असो, एक गोष्ट स्पष्ट होते. १९६९ मध्ये किंमत शासन ठरवीत होते, २०२१ मध्ये ती कोणी ठरवावी हा वाद कंपनी व विक्रेता यांच्यात होता. दोन्ही वेळा ग्राहक वाटाघाटीच्या टेबलापासून दूरच होता.

दरम्यान विक्रेत्याचे अस्तित्वच बदलू पाहणारी पद्धत पुढे आली आहे. चाकण येथे कारखाना असलेल्या मर्सिडीज-बेंझने २०२१ मध्ये गाड्या कंपनीच्याच मालकीच्या ठेवून देशभर एकाच किमतीने थेट ग्राहकास विकण्याची व्यवस्था सुरू केली. जुलै २०२५ मध्ये टेस्ला कंपनीने मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात आपले पहिले भारतीय दालन उघडले, तेही थेट विक्रीच्याच तत्त्वावर. घासाघीस संपली की ग्राहकाला किमतीची खात्री मिळते, पण दोन विक्रेत्यांमधील स्पर्धेतून मिळणारी सवलतही संपते.

कर, प्रदूषणनियम आणि अलीकडील प्रवाह

गाडीचे मूल्य आता यंत्राच्या झिजेइतकेच धोरणावरही अवलंबून आहे. राष्ट्रीय हरित लवादाचा २०१५ चा आदेश आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निर्णय यांमुळे दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर बंधने आली. परिणामी तेथील सुस्थितीतील गाड्या कमी किमतीत अन्य राज्यांकडे वळल्या. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ मानके लागू झाली. २०२१ मधील अर्धवाहक चिपांच्या जागतिक टंचाईमुळे नव्या गाड्यांसाठी पुन्हा महिनोन्‌महिने थांबावे लागले आणि जुन्या गाड्यांचे भाव वाढले. साठच्या दशकातील नियम अल्पकाळ पुन्हा प्रत्ययास आला.

जुन्या गाडीवरील वस्तू व सेवा कराबाबत डिसेंबर २०२४ मध्ये परिषदेने नोंदणीकृत विक्रेत्याच्या नफ्यावर सरसकट १८ टक्के दराची शिफारस केली. दोन व्यक्तींमधील खाजगी व्यवहार या कराबाहेर आहे. २२ सप्टेंबर २०२५ रोजी, घटस्थापनेच्या दिवशी, छोट्या गाड्यांवरील कर २८ टक्के व उपकराऐवजी १८ टक्के झाला आणि मोठ्या गाड्यांसाठी उपकर रद्द होऊन ४० टक्के दर आला. दरकपातीची घोषणा आणि अंमलबजावणी यांमधील आठवड्यांत ग्राहक थांबून राहिले, विक्रेत्यांकडे जुन्या कराने घेतलेला साठा पडून राहिला. नवी गाडी स्वस्त झाल्याने जुनीचे मोलही उतरणे क्रमप्राप्त होते. ज्याने महिन्यापूर्वी जुनी गाडी घेतली त्याचे नुकसान कोणत्याही नियमात मोजले गेले नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. भारतातील मोटारविक्रीच्या इतिहासात टंचाई, कर्ज व माहिती हे तीन प्रभावी घटक क्रमाने पुढे आले. पहिल्या टप्प्यात ग्राहकाने वेळ दिला, दुसऱ्यात भविष्यातील उत्पन्न गहाण टाकले आणि तिसऱ्यात तो आपल्या व्यवहाराची माहिती देत आहे.

२. किंमत ठरविण्याचा अधिकार शासन, विक्रेता, उत्पादक आणि पोर्टल असा फिरत राहिला. ग्राहकाची निवड वाढली, परंतु किमतीवरील त्याचा प्रभाव त्या प्रमाणात वाढला नाही.

३. जुन्या गाडीच्या बाजारात विश्वासाचा आधार व्यक्तीच्या लौकिकाकडून संस्थेच्या हमीकडे सरकला. ही प्रगती आहे, मात्र अपघात व दुरुस्तीच्या सार्वजनिक नोंदींशिवाय ती अपूर्ण राहील.

४. मालकी-हस्तांतरणातील विलंब हा सर्वांत जुना व सर्वांत दुर्लक्षित दोष आहे. २०२३ च्या नियमांची व्याप्ती असंघटित मध्यस्थांपर्यंत पोहोचविणे आणि विक्रीची सूचना देणाऱ्या मालकास तत्काळ दायित्वमुक्तीची पावती देणे, हा त्यावरील व्यवहार्य उपाय ठरेल.

शेवटचा नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली तेव्हा तिच्याविषयी बरेच भावपूर्ण लेखन झाले. ती गाडी ज्या प्रतीक्षायादीतून लोकांना मिळत असे तिची आठवण मात्र फारशी कोणी काढली नाही. प्रतीक्षायादी संपली हे चांगलेच झाले. परंतु गाडी विकून झाल्यावरही ज्याचे नाव नोंदणीपुस्तकात अडकून राहते, तो मालक आजही एका वेगळ्या यादीत थांबलेलाच आहे. विक्रीव्यवहाराच्या सुधारणेचा विचार त्याच्यापासून सुरू व्हावयास हवा.